बादशहा हयात आहे काय?

इसवी सन १६५८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १८ तारखेस दख्खनचा सुभेदार शाहजादा औरंगजेब आपल्या फौजेसह बुऱ्हाणपुरास दाखल झाला. तापीच्या काठावरचे हे शहर म्हणजे उत्तरेतून दख्खनेत उतरण्याचा दरवाजाच होय. त्या दरवाजात त्या दिवशी तोफखाना होता, घोडदळ होते, सराफ होते आणि बाजारबुणगेही होते. परंतु त्या साऱ्या गर्दीत एका साध्या प्रश्नाचे उत्तर छातीठोकपणे देऊ शकेल असा मनुष्य सापडणे कठीण होते. बादशहा शाहजहान हयात आहे काय, हाच तो प्रश्न.

आग्र्याच्या किल्ल्यात शाहजहान हयात होता. तसे त्याने स्वतः पत्रे लिहून कळविलेही होते. तरीही ते खरे मानावयास निम्मे साम्राज्य तयार नव्हते. खरी बातमी हाती असूनही ती खरी ठरू नये, असा प्रसंग राज्यावर का यावा, ह्याचा विचार आजही उपयोगी पडण्यासारखा आहे. सत्तेसाठी चाललेली स्पर्धा ऐन रंगात आली म्हणजे प्रत्येक पक्षाची बातमी निराळी होते, ही तक्रार निवडणुकांच्या काळात सर्वत्र ऐकू येते. बुऱ्हाणपूरच्या इतिहासात ह्या तक्रारीचे फार जुने आणि फार महागात पडलेले उदाहरण सापडते.

आज लोधीपुऱ्यासारख्या बुऱ्हाणपूरच्या वस्त्यांतून हिंडणाऱ्यास ह्या शहराच्या गतवैभवाची सहसा कल्पना येणार नाही. इसवी सन १४०० च्या सुमारास फारुकी सुलतानांनी हे नगर वसविले आणि दौलताबादेकडील साधू शेख बुऱ्हाणुद्दीन ह्यांचे नाव त्याला दिले. १६०१ मध्ये अकबराने शेजारचा असीरगड घेतला, आणि तेव्हापासून दख्खनचा मोगली कारभार दीर्घकाळ येथून चालला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये येथेच शाहजादा परवेझ ह्यास भेटला. मुमताजमहल १६३१ मध्ये येथेच निवर्तली. तिचा देह आग्र्यास हलविण्यापूर्वी तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत ठेवण्यात आला होता. येथे विणलेले कापड इराणपर्यंत जात असे. अशा शहरात दिल्लीची बातमी ही केवळ कुतूहलाची गोष्ट नसते. सरदाराची जहागीर, शिपायाचा पगार आणि व्यापाऱ्याचे येणे ही सर्वच त्या बातमीवर अवलंबून असतात.

मोगल राज्यात बातमीची व्यवस्था मोठी काटेकोर होती. प्रत्येक सुभ्यात वाकेनवीस नावाचा अधिकारी असे. सुभ्यात घडलेल्या गोष्टींची नोंद करून ती दरबारास पाठविणे हे त्याचे काम. त्याच्या जोडीला सवानेहनिगार असे. ह्या दोघांवरही विसंबून न राहता खुफियानवीस म्हणजे गुप्त बातमीदार नेमलेला असे. तो स्थानिक अंमलदारांस पत्ता लागू न देता परस्पर दरबारास लिहीत असे. शिवाय पायी धावणारे हरकारे आणि डाकचौक्या होत्या. एकाच सुभ्याची हकिकत अनेक तोंडांनी ऐकावी आणि ताडून पाहावी, हे ह्या योजनेमागील शहाणपण होते. एकटा बातमीदार फितेल किंवा घाबरेल, हे मोगल बादशहांस पक्के ठाऊक होते.

दरबारच्या बातम्या सुभ्यांत पोहोचविण्याची वाट मात्र निराळी होती. शाहजादे आणि मोठे सरदार आपापले वकील दरबारात ठेवीत. दरबारात कोण आले, कोणास खिलत मिळाली, बादशहाची मर्जी कोणावर फिरली, हे सारे अखबार लिहून ते आपल्या धन्यास पाठवीत. वकील धन्याच्या पगारावर असल्याने धन्यास रुचेल ते ठळक लिहिण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविकच होते. तथापि असे वकील पुष्कळ असल्यामुळे एकाच्या अखबारातील उणीव दुसऱ्याच्या अखबारात भरून निघत असे. पक्षपाती बातमीदार अनेक असले आणि सर्वांना लिहिण्याची मुभा असली, तर त्यातूनही सत्य हाती लागू शकते. १६५७ च्या सप्टेंबरात मोडली ती ही मुभा.

त्या महिन्याच्या ६ तारखेस शाहजहान दिल्लीत एकाएकी आजारी पडला. मूत्रावरोधाने त्याची प्रकृती चिंताजनक झाली. रोज सकाळी झरोक्यात येऊन रयतेस दर्शन देण्याचा त्याचा परिपाठ बंद पडला. झरोकादर्शन हा नुसता मानाचा प्रघात नव्हता. बादशहा जिवंत आहे, ही बातमी त्या काळी दररोज ह्याच रीतीने प्रसिद्ध होत असे. झरोका रिकामा दिसताच दिल्लीच्या बाजारात कुजबुज सुरू झाली. आठवड्याभराने बादशहास थोडा उतार पडला व तो खिडकीत दिसलाही. परंतु तोपर्यंत कुजबुज दिल्लीबाहेर पडली होती.

शाहजहानला चार पुत्र. थोरला दारा शुकोह बापाजवळ होता. शुजा बंगालमध्ये, औरंगजेब दख्खनेत आणि मुराद गुजराथेत सुभेदार होता. मोगल घराण्यात वडील पुत्रानेच गादीवर बसावे असा कायदा नव्हता. सरदारांचे बळ ज्याच्या मागे, तो बादशहा. त्यामुळे अशा प्रसंगी सरदारांची मने वळविणे, मनसबीची आश्वासने देणे आणि आपणच विजयी होणार असा समज पसरविणे ह्यांस महत्त्व येई. मतपेटी नव्हती, एवढेच. बाकी मतयाचनेचे सर्व प्रकार तेथे होते.

आजारी बापाने दाराला वारस म्हणून पुढे केले होते. त्याने एक उपाय योजिला. चुकीची बातमी पसरू नये म्हणून त्याने बातमीच रोखून धरली. नदीच्या उतारांवर पहारे बसले. बंगाल, गुजराथ आणि दख्खन ह्यांकडे जाणारी पत्रे, जासूद, इतकेच काय पण वाटसरूही अडविले जाऊ लागले. भावांच्या वकिलांवर नजर बसली. औरंगजेबाचा वकील इसा बेग ह्यास कैद करून त्याची मालमत्ता जप्त करण्यात आली. दाराच्या बाजूने पाहिले तर ह्यात दुष्ट हेतू नव्हता असेही म्हणता येईल. बापाचे आजारपण निभावेपर्यंत राज्यात गडबड होऊ नये, एवढेच त्यास हवे असावे. पण परिणाम उलटा झाला. ज्या वकिलांनी ‘बादशहास उतार आहे’ असे आपल्या धन्यास कळविले असते, त्यांचीच तोंडे बंद झाली. पत्र येत नाही, त्या अर्थी लिहिण्यासारखे काहीतरी भयंकर घडले असले पाहिजे, असा तर्क तिन्ही सुभ्यांत एकदमच निघाला.

ह्या मौनाची किंमत गुजराथेत प्रथम दिसून आली. मुरादचा दिवाण अली नकी हा कडक आणि इमानी कारभारी होता. त्यामुळे त्याला शत्रूही भरपूर होते. त्यांनी अली नकीच्या हस्ताक्षराची नक्कल करून, त्याच्या शिक्क्यानिशी, दाराला फितूर झाल्याचे एक पत्र बनविले आणि ते मुरादच्या पहारेकऱ्यांच्या हाती सापडेल अशी तजवीज केली. पत्र मुरादपुढे आले तेव्हा पहाट व्हावयाची होती, आणि शाहजादा अहमदाबादबाहेरच्या बागेत रंगेल मैफलीत होता. अली नकीला बोलावून आणण्यात आले. त्याने ठामपणे इन्कार केला. मुरादने भाला उचलून त्याला जागच्या जागी ठार केले. पत्र खरे की खोटे, हे तपासण्याचा विचारही त्याच्या मनास शिवला नाही. सर्वत्र कट शिजत आहेत, अशी ज्याची आधीच खात्री झालेली असते, त्याला कटाचा पुरावा पाहताक्षणीच पटतो. पुढे डिसेंबरात मुरादने स्वतःच्या नावाने द्वाही फिरविली. बंगालमध्ये शुजानेही राज्याभिषेक करून घेतला. बाप हयात असता त्याचे दोन पुत्र असे बादशहा होऊन बसले.

शाहजहानने मग तेच केले जे कोणीही करील. आपण जिवंत आहो व बरे आहो, अशी पत्रे त्याने पुत्रांस पाठविली. त्यांवर त्याची मोहोर होती आणि अक्षरही त्याचेच होते. ह्या पत्रांवर सुभ्यांतून जे उत्तर निघाले ते विचार करण्याजोगे आहे. दाराला बापाच्या अक्षराची हुबेहूब नक्कल साधते आणि मोहोर तर त्याच्याच हाती आहे. तेव्हा ही पत्रे दाराने लिहिली आहेत, असे लोक म्हणू लागले. म्हणजे पत्र न येणे हा बादशहाच्या मृत्यूचा पुरावा ठरला होता, आणि आता पत्र येणे हाही त्याचाच पुरावा ठरला. दाराने चार महिने वाटा अडविल्या नसत्या, तर ह्या शंकेला जागाच उरली नसती. रोखलेल्या बातमीमागून येणारी खरी बातमीही संशयितच असते.

अशा स्थितीत औरंगजेब बुऱ्हाणपुरास पोहोचला. चारही भावांत बातमीचे मोल त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नव्हते. मुरादशी गुप्त पत्रव्यवहार करण्यासाठी त्याने सांकेतिक लिपी ठरविली होती, आणि दख्खन ते गुजराथ डाकेच्या चौक्या बसविल्या होत्या. बुऱ्हाणपुरात तो महिनाभर राहिला. येथे सैन्याची जुळवाजुळव झाली आणि उत्तरेतील सरदारांकडे पत्रे गेली. बापाच्या प्रकृतीची चौकशी करणारे पत्रही त्याने येथून धाडले, असे त्याच्या पक्षाचे इतिहासकार आवर्जून सांगतात.

त्या महिन्यात औरंगजेबाच्या छावणीतील भाषा पाहण्यासारखी आहे. बादशहा वारला, ही गोष्ट आता उघडपणे सांगणे अवघड होते. हयातीचे पुरावे वाढत चालले होते. तेव्हा घोषणा बदलली. बादशहा हयात आहे, परंतु तो दाराच्या कैदेत आहे, दारा इस्लामला पारखा झालेला आहे, आणि आपण आजारी पित्याच्या भेटीस व सुटकेस निघालो आहो, असे सांगण्यात येऊ लागले. दाराने त्याच १६५७ साली पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर पुरे केले होते. पंडितांच्या संगतीत झालेले ते विद्येचे कार्य आता आरोपपत्रातील कलम झाले. बातमी बदलली, कारणही बदलले. पण सैन्याची दिशा एका अंशानेही बदलली नाही. निर्णय आधी झालेला असला आणि बातमी त्याच्या सोयीने निवडली जात असली, म्हणजे असेच घडते.

त्या छावणीत ह्या सर्वांपासून अलग राहू पाहणारा एक मोठा माणूस होता. शाहनवाजखान सफवी हा इराणच्या राजघराण्याशी रक्ताचे नाते असलेला वृद्ध सरदार. त्याची कन्या दिलरसबानू औरंगजेबास दिलेली होती व दुसरी मुरादला. औरंगजेब २० मार्च रोजी बुऱ्हाणपुराहून निघाला तेव्हा हा सासरा त्याच्याबरोबर गेला नाही. बादशहाविरुद्ध शस्त्र धरण्यास त्याचे मन घेत नव्हते. तो बुऱ्हाणपुरातच रेंगाळत राहिला. औरंगजेबाने वाटेतील मुक्कामावरून आपला पुत्र महंमद सुलतान ह्यास परत पाठविले आणि सासऱ्याला बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात कैदेत टाकले.

शाहनवाजखानाने बंड केले नव्हते किंवा दाराकडे पत्रही धाडले नव्हते. तो फक्त थांबला होता. पक्षाभिमान भरास आला म्हणजे थांबणाऱ्यासही शत्रू गणले जाते, हे बुऱ्हाणपूरच्या त्या कैदेने दाखविले. मनुष्य आपल्या नात्यातला, वयोवृद्ध आणि निरुपद्रवी असला तरी त्याचे मौन धोक्याचे वाटते. कारण इतरांनी मान्य केलेल्या बातमीवर त्याने विश्वास ठेवलेला नाही, एवढे त्यावरून उघड होते. पुढे तो सुटला, गुजराथचा सुभेदारही झाला. परंतु दारा पळत पळत अहमदाबादेस आला तेव्हा त्याने त्यास दरवाजे उघडले, आणि १६५९ च्या मार्चमध्ये अजमेरजवळ देवराईच्या लढाईत तो दाराच्या बाजूने लढताना पडला. ज्याला तटस्थ राहू दिले नाही, तो अखेर विरुद्ध पक्षास मिळाला.

बुऱ्हाणपुराहून निघालेल्या औरंगजेबाने दाराचाच धडा दारावर उलटविला. नर्मदेचे उतार त्याने असे अडविले, की माळव्यात वाट पाहत असलेला बादशाही सेनापती जसवंतसिंह ह्यास शत्रू नदी ओलांडून जवळ येईपर्यंत पत्ता लागला नाही. १५ एप्रिल १६५८ रोजी उज्जैनजवळ धर्मत येथे बादशाही सैन्य मोडले. २९ मे रोजी सामूगढास दाराचा पुरा पाडाव झाला. जूनमध्ये आग्र्याचा किल्ला पडला, आणि ज्या बापाच्या सुटकेसाठी ही स्वारी निघाली होती तो बाप पुत्राच्या कैदेत पडला. तेथे तो १६६६ च्या जानेवारीपर्यंत जिवंत होता. ज्याच्या मृत्यूच्या बातमीवर साम्राज्य पेटले, तो त्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ जगला. मुरादला १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात देहदंड झाला. त्यासाठी कारण दाखविण्यात आले ते अली नकीच्या खुनाचे, आणि फिर्यादी होता अली नकीचा मुलगा. एका बनावट पत्राने चार वर्षांत दोघांचा बळी घेतला.

जय मिळाल्यानंतरही बातमीचा पक्षपात थांबला नाही. त्याचा इतिहास झाला. औरंगजेबाच्या आज्ञेवरून लिहिलेल्या ‘आलमगीरनामा’ ग्रंथात दारा शुकोह ह्यास ‘बेशुकोह’, म्हणजे वैभवहीन, आणि शुजास ‘नाशुजा’, म्हणजे भेकड, अशी नावे दिली आहेत. विरोधकाच्या नावाचेच विडंबन करण्याची ही खोड आजच्या प्रचारसभांपुरती नाही, हे त्यावरून दिसते. शुजाच्या आश्रितांपैकी मीर मासूम ह्याने आपल्या धन्याच्या बाजूने निराळाच इतिहास लिहून ठेविला. आज इतिहाससंशोधकास त्या काळाचे सत्य गवसते ते अशा दोन्ही बाजूंचे ग्रंथ, पत्रे आणि परकी प्रवाशांच्या हकिकती शेजारी ठेवून. कोणत्याही एकाच ग्रंथावर विश्वासून नव्हे.

ह्या गोंधळाचा लाभ ज्यांनी अचूक घेतला त्यांत एक तरुण मराठा होता. दरबारात आजार आहे, दख्खनचा सुभेदार उत्तरेकडे डोळे लावून बसला आहे, हे ओळखून शिवाजीमहाराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात आदिलशाही अमलातील कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली. मोगलांच्या वाकेनवीस ह्या शब्दापासूनच मराठीतील ‘वाकनीस’ हा शब्द आला. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत दत्ताजी त्रिंबक हे मंत्री, म्हणजेच वाकनीस, होते. राज्यातील घडामोडींची नोंद ठेवणाऱ्यास प्रत्यक्ष प्रधानाचे पद द्यावे, ह्यावरून नव्या राज्याने बातमीचे महत्त्व किती जाणले होते ते कळून येते.

आता राजपुत्रांची युद्धे गेली आणि निवडणुका आल्या. परंतु दाराने केलेली चूक निवडणुकीच्या राज्यांनीही करून पाहिली आहे. अमेरिकेत अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर तेथील विधिमंडळाची, म्हणजे काँग्रेसची, निवडणूक होते. १७९८ च्या अशा निवडणुकीपूर्वी तेथे वृत्तपत्रांचे दोन कट्टर तट पडले होते. फिलाडेल्फियाचे ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हे अध्यक्ष जॉन ॲडम्स ह्यांच्या फेडरलिस्ट पक्षाचे. त्याच शहरातील ‘ऑरोरा’ हे जेफर्सनच्या पक्षाचे. एकाच दिवशी एकाच शहरात ही दोन पत्रे वाचणाऱ्यास दोन निरनिराळ्या देशांत राहत असल्याचा भास व्हावा, अशी स्थिती होती. त्या वर्षीच्या १४ जुलै रोजी ॲडम्स ह्यांनी राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. सरकारविरुद्ध खोटे व द्वेषमूलक लिखाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. व्हर्मॉंटचा विरोधी सभासद मॅथ्यू लायन ह्यास चार महिने कैद व हजार डॉलर दंड झाला. त्याच्या मतदारांनी त्यास तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. १८०० च्या निवडणुकीत ॲडम्स पराभूत झाले आणि तो कायदा १८०१ मध्ये मुदत संपून नाहीसा झाला. खोटे थोपविण्यासाठी नदीचे उतार अडविले, की प्रथम खऱ्याचीच वाट अडते, हा अनुभव दाराप्रमाणे ॲडम्स ह्यांनाही आला.

तथापि १६५८ आणि १७९८ ह्यांत एक मोठा फरक आहे. व्हर्मॉंटच्या मतदाराला दुसऱ्या पक्षाचे पत्र मागवून वाचता येत होते. बुऱ्हाणपूरच्या विणकराला, सराफाला किंवा शिपायाला ती सोय नव्हती. त्याच्याकरिता बातमी कोणी लिहितही नव्हते. ती बादशहाकरिता आणि शाहजाद्यांकरिता लिहिली जात होती. लोकशाहीत राज्याचा धनी मतदार आहे, आणि अखबार त्याच्या नावे येतो. मोगल बादशहा एका सुभ्याची हकिकत दोनतीन बातमीदारांकडून घेत असे, कारण एकट्यावर विसंबणे धोक्याचे आहे हे तो जाणून होता. धनी झालेल्या नागरिकास ह्याहून कमी सावध राहून चालणार नाही. आपल्या पक्षाचे पत्र जितक्या आवडीने वाचावे तितक्याच धीराने दुसऱ्याचेही वाचावे, आणि मनाजोगी बातमी आली असता ती अधिक तपासून घ्यावी. मुरादपुढे आलेले पत्र त्याच्या मनाजोगेच होते.

तापीच्या काठी बुऱ्हाणपूरचा तो किल्ला आजही पडक्या अवस्थेत उभा आहे. मुमताजमहलच्या आठवणीसाठी लोक तो पाहावयास जातात. ज्या वृद्ध सरदाराने सर्वांनी धरलेली बातमी सत्य मानून शस्त्र उचलावयाचे नाकारले, तोही ह्याच किल्ल्यात कैदेत होता, हे तेथे जाणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.